हायपरव्हायझर : एका संगणकात अनेक संगणक कसे चालतात?

एकाच संगणकावर एकाच वेळी अनेक ऑपरेटिंग सिस्टीम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायझर म्हणतात. संपूर्ण संगणक आपल्याच मालकीचा आहे, असा भास तो प्रत्येक सिस्टीमला करून देतो. या भासमान संगणकाला व्हर्च्युअल मशीन किंवा आभासी संगणक असे नाव आहे. खरा संगणक हा यजमान आणि त्याच्यावर चालणारी प्रत्येक सिस्टीम ही पाहुणी.

भाड्याने मिळणारे बरेचसे क्लाउड सर्व्हर असेच आभासी असतात. म्हणजे तुमची वेबसाइट आणि एखाद्या अनोळखी माणसाची वेबसाइट एकाच प्रोसेसरवर नांदत असू शकते. म्हणून हायपरव्हायझरला दोन प्रश्न विचारावे लागतात : वेग किती घटतो, आणि दोन पाहुण्यांमधली भिंत किती पक्की आहे? लिनक्स आणि बीएसडी घराण्यातल्या मुक्तस्रोत सिस्टीमनी या प्रश्नांची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत.

मूळ अडचण

पाहुण्या सिस्टीमच्या बहुतेक सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात. मात्र संपूर्ण संगणकावर परिणाम करणारी सूचना आली, की प्रोसेसरने थांबून हायपरव्हायझरला कळवले पाहिजे. ही अट पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये नेमक्या शब्दांत मांडली होती.

घरोघरी वापरले जाणारे एक्स८६ प्रोसेसर ती पाळत नव्हते. उदाहरणार्थ, ‘पॉपएफ’ ही सूचना पुरेसे अधिकार नसताना दिली, तर इंटरप्ट बंद-चालू करण्याचा तिचा भाग प्रोसेसर गुपचूप सोडून देई. हायपरव्हायझरला त्याचा पत्ताच लागत नसे.

यावर दोन तोडगे निघाले. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये बाजारात आणलेले सॉफ्टवेअर अशा सूचना चालता चालता बदलून टाकत असे. केंब्रिज विद्यापीठातल्या झेन प्रकल्पाने २००३ मध्ये वेगळी वाट धरली : पाहुण्या सिस्टीमच्या कर्नलमध्येच बदल करायचा, म्हणजे ती स्वतःहून हायपरव्हायझरची मदत मागेल. वेग चांगला मिळाला, पण ज्या सिस्टीमचा कर्नल बदलता येत नाही तिचे काय, हा प्रश्न उरला.

केव्हीएम : लिनक्सच झाला हायपरव्हायझर

इंटेलने २००५ मध्ये व्हीटी-एक्स आणि एएमडीने २००६ मध्ये एएमडी-व्ही ही सोय प्रोसेसरमध्येच दिली. आता कर्नल न बदलताही पाहुणी सिस्टीम चालवता येऊ लागली.

या सोयीवर क्यूमरानेट या इस्रायली कंपनीत अवी किव्हिटी यांनी केव्हीएम लिहिला. फेब्रुवारी २००७ मधल्या लिनक्स २.६.२० या आवृत्तीत तो दाखल झाला. कामांची वेळ वाटून देणे आणि मेमरी सांभाळणे ही कामे लिनक्स आधीच करत होता, त्यामुळे ती नव्याने लिहावी लागली नाहीत. लिनक्सच्या दृष्टीने आभासी संगणक म्हणजे आणखी एक प्रोसेस. डिस्क, नेटवर्क कार्ड यांसारख्या उपकरणांची नक्कल करण्याचे काम सहसा क्यूएमू हा वेगळा प्रोग्रॅम करतो.

बीएसडी घराण्याच्या वाटा

फ्रीबीएसडीचा ‘बी-हाइव्ह’ पीटर ग्रेहान आणि नील नाटू यांनी लिहिला. जानेवारी २०१४ च्या १०.० आवृत्तीबरोबर तो सर्वांना मिळाला. नव्या प्रोसेसरांवरच चालायचे असे ठरल्यामुळे जुन्या हार्डवेअरसाठीची गुंतागुंत त्यात आलीच नाही. उपकरणांची नक्कलही तो स्वतःच करतो, क्यूएमूची गरज नाही.

ओपनबीएसडीच्या ‘व्हीएमएम’ने उपकरणांची यादी मुद्दामच छोटी ठेवली. पाहुण्या सिस्टीमला ग्राफिक्स पडदाही मिळत नाही, सिरियल कन्सोलवर भागवावे लागते.

नेटबीएसडीवर झेन बरीच वर्षे चालतो. शिवाय फेब्रुवारी २०२० च्या ९.० आवृत्तीत ‘एनव्हीएमएम’ आला आणि तो क्यूएमूबरोबर वापरता येतो.

वेग कुठे जातो?

निव्वळ आकडेमोड आभासी संगणकातही जवळपास पूर्ण वेगाने होते. खर्च होतो तो पाहुण्याकडून हायपरव्हायझरकडे जाऊन परत येण्याचा. या फेरीला ‘एक्झिट’ म्हणतात. एका फेरीत प्रोसेसरची शेकडो ते हजारो आवर्तने जातात, म्हणून फेऱ्या कमी करणे हीच वेग वाढवण्याची मुख्य युक्ती.

मेमरीच्या फेऱ्या हार्डवेअरने कमी केल्या. एएमडीने २००७ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये दुहेरी पत्ता-तक्त्यांची सोय दिली. पाहुण्याचा पत्ता खऱ्या पत्त्यात बदलण्याचे काम तेव्हापासून प्रोसेसरच करतो. त्याचीही किंमत आहेच : चार पातळ्यांच्या तक्त्यात पत्ता शोधायला एरवी ४ वेळा मेमरी वाचावी लागते, तर दुहेरी तक्त्यांत ही संख्या २४ पर्यंत जाऊ शकते. भरपूर मेमरी वापरणाऱ्या डेटाबेससाठी ४ केबीऐवजी २ एमबीची मोठी पाने वापरतात, ती याचमुळे.

उपकरणांसाठी ‘व्हर्टआयओ’ आला. खऱ्या नेटवर्क कार्डाची हुबेहूब नक्कल केली, तर त्याच्या रजिस्टरला हात लावताक्षणी एक्झिट होते. व्हर्टआयओमध्ये पाहुणा आणि यजमान सामाईक मेमरीत कामांची रांग लावतात आणि अनेक पॅकेटसाठी एकदाच इशारा देतात. रस्टी रसेल यांनी लिनक्ससाठी सुरू केलेली ही पद्धत बीएसडी घराण्यानेही स्वीकारली. आभासी संगणक फारच संथ वाटत असेल, तर डिस्क आणि नेटवर्क व्हर्टआयओवर आहेत का, हे आधी पाहावे.

भिंत कुठे फुटते?

मे २०१५ मध्ये ‘व्हेनम’ नावाची त्रुटी उघड झाली. ती क्यूएमूमधल्या फ्लॉपी ड्राइव्हच्या नकलेत होती. फ्लॉपी कोणी वापरत नसले, तरी तो कोड तिथे होता आणि पाहुण्याला त्यातून यजमानापर्यंत पोहोचण्याची शक्यता होती. क्यूएमू वापरणाऱ्या केव्हीएम आणि झेन या दोघांनाही धोका होता. बी-हाइव्हमध्ये तो कोडच नसल्याने तो सुटला. ओपनबीएसडीच्या छोट्या यादीमागचे कारण इथे समजते : प्रत्येक जादा नक्कल म्हणजे भिंतीत एक जादा दार.

जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटी तर प्रोसेसरमध्येच होत्या. त्यांवरच्या उपायांमुळे काही कामांचा वेग घटला. त्याच वर्षी ओपनबीएसडीने इंटेल प्रोसेसरांवरचे हायपरथ्रेडिंग मूळ मांडणीतच बंद केले. वेगापेक्षा भिंत महत्त्वाची, असा तो निर्णय होता.

कोणता निवडावा?

लिनक्स सर्व्हरवर केव्हीएम ही सहज निवड आहे. साधने भरपूर आणि पाहुण्या सिस्टीमही अनेक चालतात. फ्रीबीएसडीवर झेडएफएस वापरत असाल, तर बी-हाइव्ह सोयीचा. मोजक्या सर्व्हरसाठी साधेपणा हवा असेल, तर ओपनबीएसडी.

आपला प्रोसेसर तयार आहे का, हे पाहण्यासाठी लिनक्सवर ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा द्या. उत्तरात व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही दिसले पाहिजे. ते दिसत नसेल किंवा दिसूनही केव्हीएम सुरू होत नसेल, तर बायोसमध्ये ही सोय बंद ठेवलेली असू शकते. ती तिथेच चालू करता येते.