सिसलॉग आणि लॉगर आज्ञा

सिसलॉग : संगणकावर चालणाऱ्या निरनिराळ्या आज्ञावलींचे संदेश स्वीकारून, त्यांवर वेळ व उगम यांची खूण घालून ते एकत्र जतन करणारी व्यवस्था. युनिक्स व तिच्यापासून निघालेल्या परिचालन प्रणालींत ती १९८० नंतरच्या दशकात रूढ झाली. या व्यवस्थेशी थेट बोलण्याची सोय ज्या आज्ञावलीत नाही, तिच्याकडून बाहेर पडणारा मजकूर नोंदवहीपर्यंत पोचविण्याचे काम ‘लॉगर’ ही छोटी आज्ञा करते.

लॉग हा शब्द जहाजावरचा आहे. नौकेची गती मोजण्यासाठी दोरीला बांधून पाण्यात टाकावयाच्या लाकडी ओंडक्याचे ते नाव. त्या मापांची वही ती लॉगबुक. मराठीत रोजनामा किंवा रोजकीर्द हे शब्द त्याला जवळचे आहेत. मात्र कीर्द लिहिणारा कारकून एक व ओळखीचा असतो. सिसलॉगच्या मूळ रचनेत संगणकावरील कोणतीही आज्ञावली, कोणाच्याही नावाने, नोंद करू शकत असे. सिसलॉगच्या पुढील इतिहासातील बऱ्याच अडचणी या एका फरकातून उद्भवलेल्या आहेत.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून विकसित झालेल्या युनिक्समध्ये आज्ञावलीचे प्रदान (बाहेर येणारा मजकूर) सामान्यतः ती चालविणाऱ्याच्या टर्मिनलवर उमटत असे. डग्लस मॅक्इल्रॉय यांच्या आग्रहावरून केन टॉमसन यांनी १९७३ मध्ये ‘पाइप’ची सोय केली आणि एका आज्ञावलीचे प्रदान सरळ दुसरीचे आदान होऊ लागले. या सोयीबरोबर एक गैरसोयही आली. चुकीची सूचना देणारा मजकूरही त्याच प्रवाहातून वाहत असल्याने तो पुढच्या आज्ञावलीच्या पोटात जाई व माणसाला दिसतच नसे. १९७५ मधील सहाव्या आवृत्तीपर्यंत हे चालवून घेण्यात आले. त्यानंतर लवकरच डेनिस रिची यांनी दोष-संदेशांसाठी वेगळा प्रवाह निर्माण केला. तरीही, एका वेळी अनेक आज्ञावली चालत असता कोणता संदेश कोणाचा हे कळण्यासाठी प्रत्येक संदेशाने आपले नाव सांगणे आवश्यक ठरले.

टर्मिनलसमोर कोणी बसलेले नसेल तेव्हा प्रश्न आणखी बिकट होई. पार्श्वभूमीत सतत चालणाऱ्या किंवा रात्री ठराविक वेळी आपोआप सुरू होणाऱ्या आज्ञावलींना श्रोताच नसतो. टपाल वाहणाऱ्या आज्ञावलींत ही उणीव विशेष जाणवली, कारण पत्र अनेक टप्प्यांतून जाते आणि ते कोठे अडकले हे मागाहून शोधावे लागते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सेंडमेल ही टपाल आज्ञावली तयार करीत असताना एरिक ऑलमन यांनी तिच्या गरजेपोटी सिसलॉगची रचना केली. १९८३ मध्ये प्रसृत झालेल्या ४.२ बीएसडी या आवृत्तीबरोबर ती इतरांच्या हाती आली आणि टपालाशी संबंध नसलेल्या आज्ञावलीही तिचा उपयोग करू लागल्या. लॉगर आज्ञा १९८६ मधील ४.३ बीएसडीमध्ये आली व १९९२ मध्ये पॉझिक्स या मानकात समाविष्ट झाली.

प्रत्येक संदेशाला दोन खुणा असतात : उगमाचा विभाग व तीव्रता. तीव्रतेच्या शून्य ते सात अशा आठ पायऱ्या असून शून्य म्हणजे प्रणाली निकामी झाल्याची स्थिती व सात म्हणजे केवळ दोषशोधनासाठी लिहिलेला मजकूर. विभागांना गाभा, सामान्य वापरणारे, टपाल, मुद्रण असे क्रमांक आहेत. विभागाच्या क्रमांकाला आठाने गुणून त्यात तीव्रता मिळविली की संदेशाच्या आरंभी लिहावयाचा अंक मिळतो. टपाल विभागाचा (२) सामान्य दोष (३) म्हणजे १९. लॉगरला काहीच सांगितले नाही तर ती सामान्य वापरणाऱ्याची ‘लक्षात घ्यावी’ या पायरीवरची नोंद, म्हणजे १३, करते. विभागांच्या यादीत टेलिफोनवरून फाइली पोचविणाऱ्या यूयूसीपी पद्धतीला स्वतंत्र स्थान आहे. ती पद्धत व्यवहारातून जवळजवळ गेली. क्रमांक मात्र राहिला.

लॉगर वापरण्याची रीत अगदी सोपी आहे. आज्ञावलीचे प्रदान पाइपने लॉगरकडे वळवावे, म्हणजे प्रत्येक ओळीची एक नोंद होते. हा सोपेपणाच तिच्या प्रसाराला कारणीभूत झाला. पण अशा नोंदीची साक्ष तपासून घ्यावी लागते. सी भाषेच्या नेहमीच्या ग्रंथालयातून लिहिणारी आज्ञावली टर्मिनलवर ओळीओळीने मजकूर देते. तीच पाइपमध्ये लिहू लागली की मजकूर स्मृतीत साठवून मोठ्या घासाने पुढे ढकलते. त्यामुळे दहा मिनिटांत घडलेल्या घटना नोंदवहीत एकाच सेकंदाच्या दिसू शकतात, कारण नोंदीवरची वेळ लॉगरने ओळ पुढे धाडल्याची असते. आज्ञावली मध्येच कोसळली तर साठलेला मजकूर, म्हणजे नेमका शेवटचा व सर्वांत उपयोगी भाग, नाहीसा होतो. प्रक्रियेचा क्रमांक नोंदवावा असे सांगितल्यास मूळच्या लॉगरकडून स्वतःचाच क्रमांक नोंदला जाई.

याहून घातक गोष्ट यशापयशाच्या संकेताची होय. पाइपने जोडलेल्या साखळीत शेवटच्या आज्ञेचा निकाल हाच सर्व साखळीचा निकाल धरला जातो. साठवणीची प्रत काढणारी आज्ञावली अपयशी ठरली, तरी तिच्यामागची लॉगर आपले काम नीट करते आणि कार्य सफल झाल्याचा संकेत मिळतो. नोंद ठेवण्यासाठी केलेली जोडणीच अशा प्रकारे अपयश झाकून टाकते. साखळीतील कोणतीही कडी तुटल्यास साऱ्या साखळीला अपयशी ठरविणारी ‘पाइपफेल’ ही सोय बॅश या आज्ञापालकात २००४ मध्ये आली व पॉझिक्स मानकात २०२४ मध्ये.

लॉगरला वाटेल ते नाव देता येते. टपाल किंवा मुद्रण आज्ञावलीच्या नावाने खोटी नोंद करणे तिला अवघड नाही. ज्या विद्यापीठीय वातावरणात सिसलॉग जन्मली तेथे हा दोष मानला गेला नसावा. पण १९८६ मध्येच लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ७५ सेंटच्या हिशेबातील तफावतीवरून क्लिफर्ड स्टोल यांनी एका घुसखोराचा माग काढला. तो पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत पोचला. घुसखोराला प्रणाली-व्यवस्थापकाचे अधिकार मिळाले असल्याने संगणकातील नोंदींवर विसंबणे शक्य नव्हते. म्हणून स्टोल यांनी बाहेरून येणाऱ्या तारांना मुद्रक जोडले व घुसखोराची प्रत्येक कळ कागदावर उतरवून घेतली. तो कागद त्याच्या आवाक्याबाहेर होता.

नोंदी दुसऱ्या संगणकाकडे पाठविण्यामागेही हाच विचार आहे. त्यासाठी सिसलॉगने यूडीपी ही पोचपावती न देणारी पद्धत वापरली व ५१४ हे द्वार ठरले. संदेश वाटेत हरवला तर पाठविणाऱ्याला अथवा घेणाऱ्याला कळत नाही. ही रीत सुमारे दोन दशके लिखित मानकाशिवाय चालली. आरएफसी ३१६४ हा लेख ऑगस्ट २००१ मध्ये निघाला, तोही प्रत्यक्षात काय चालते याचे वर्णन करणारा. त्या द्वारावर आलेला कोणताही मजकूर सिसलॉगचा संदेश मानावा असे त्यात म्हटले आहे. त्यातील वेळेच्या खुणेत महिना, दिनांक व तास-मिनिटे आहेत. वर्ष नाही व कालविभागही नाही. इतिहासाच्या साधनात वर्ष नसावे हे चमत्कारिकच. मार्च २००९ मधील आरएफसी ५४२४ ने ही उणीव भरून काढली, त्याच वेळी सांकेतिक संरक्षण असलेल्या वहनाचे मानकही ठरले आणि मे २०१० मधील आरएफसी ५८४८ ने संदेशांवर सही करण्याची पद्धत सांगितली. दरम्यान मूळ आज्ञावलीची जागा सिसलॉग-एनजी (१९९८) व आरसिसलॉग (२००४) यांनी बऱ्याच ठिकाणी घेतली होती.

लिनक्सवरील सिस्टमडी प्रकल्पाने नोव्हेंबर २०११ मध्ये ‘जर्नल’ ही निराळी व्यवस्था जाहीर केली. तिच्यात सेवांचे प्रदान मध्यस्थाविना गोळा होते आणि पाठविणाऱ्याची ओळख त्याच्या सांगण्यावरून न घेता परिचालन प्रणालीच्या गाभ्याकडून घेतली जाते. नोंदी मात्र साध्या मजकुराऐवजी द्विमान स्वरूपात राहतात व वाचण्यास खास आज्ञा लागते. यावरून पुष्कळ वाद झाला. फेडोरा २० (२०१३) व डेबियन १२ (२०२३) यांनी नव्या स्थापनेत सिसलॉग आपोआप बसविणे बंद केले. लॉगर आज्ञा मात्र तेथेही चालते. तिने धाडलेली ओळ जर्नल स्वीकारते.

भारतात सर्ट-इन या शासकीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस भारताच्या अधिकारक्षेत्रात जपणे बंधनकारक झाले. प्रणालींची घड्याळे राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या कालसेवेशी जुळवून ठेवावीत, असेही त्यांत आहे.