कोऱ्या पानांची देणगी

विद्यार्थी प्रथमच घर सोडून वसतिगृहाच्या खोलींत राहावयास निघाला, म्हणजे त्यास कोणती लहानशी वस्तु द्यावी, हा प्रश्न घरोघरीं पडतो. त्याचें एक उत्तर इतिहासांत सांपडतें.

इ. स. १६६१ च्या जून महिन्यांत आयझॅक न्यूटन केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत दाखल झाला. आई सधन, तरी इतरांची चाकरी करून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांत त्याची गणना झाली. खोलीसाठीं त्यानें मेजाचें कुलूप, शाई व तिची बाटली, एक वही आणि पौंडभर मेणबत्त्या विकत घेतल्या.

परंतु सर्वांत मोलाची वस्तु त्यास घरूनच मिळाली. न्यूटन तीन वर्षांचा असतां आईनें बार्नबस स्मिथ या धर्मोपदेशकाशीं पुनर्विवाह केला व मुलास आजीजवळ ठेवलें. हें शल्य इतकें खोल होतें, कीं त्या दोघांस घरासह जाळण्याची धमकी आपण दिली होती, असें त्यानें १६६२ मध्यें आपल्या पापांच्या यादींत नमूद केलें. स्मिथ १६५३ मध्येंच वारले होते. धर्मशास्त्राच्या टिपणांसाठीं त्यांनीं केलेली एक जाडजूड वही मागें राहिली. तींत मथळे घातलेले होते; पानें मात्र बहुतेक कोरीं! १६६४ च्या सुमारास न्यूटननें त्याच पानांवर गणित मांडण्यास आरंभ केला. चलनकलनाचीं व गतिशास्त्राचीं त्याचीं आरंभींचीं टिपणें तींत उतरलीं. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयानें ती वही जपून ठेविली आहे.

सावत्र पित्याच्या ध्यानींमनींहि नसतां ही देणगी सार्थ झाली, कारण तींत घेणाऱ्यास लिहावयास जागा होती. भेट निवडतांना तेवढें पाहिलें, तरी पुरे.