गाडी सरळ कोण चालवतं?

ज्यांना ऐकायला वेळ झाला नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. माझं अडखळणं तेवढं गाळलंय.

झालं असं, की बाबांच्या गाडीला पुढे दोन नवे टायर टाकले आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. शहरात कळायचं नाही. हायवेला ऐंशीच्या वर गेलं, स्टेअरिंगवरचा हात जरा सैल केला, की निघाली लेन सोडून. तीनदा अलाइनमेंट केली. तिन्ही वेळा मशीनवर सगळे आकडे हिरवे. दुकानदार म्हणाला, "साहेब, रस्त्यालाच उतार आहे." बाबांनी हायवेला गाडी काढणंच बंद केलं आणि आजीला भेटायला पुण्याहून साताऱ्याला एसटीने जायला लागले.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. सगळ्या टेस्ट पास आणि प्रॉडक्शनमध्ये बोंब, हे दृश्य ओळखीचं होतं. म्हणून वाचायला बसलो, आणि पोचलो थेट घोडागाडीच्या काळात.

तेव्हा पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळ्यावर फिरायचा. एका चाकाखाली दगड आला की सगळा आस वळायचा. 1817 मध्ये म्युनिकच्या लांकेन्स्पेर्गर नावाच्या गाडी बनवणाऱ्याने प्रत्येक चाक आपापल्या खिळ्यावर फिरवलं. लंडनमध्ये 1818 साली त्याचं पेटंट त्याचा एजंट अकरमन याने घेतलं, आणि नाव राहिलं एजंटचं! आजही इंजिनिअरिंगच्या पुस्तकात ‘अकरमन’च आहे. बिचारा लांकेन्स्पेर्गर.

पुढे मोटारी आल्या आणि लोकांनी हे खिळे मागे कलवले. मॉलमधली ट्रॉली आठवा : चाक आपल्या खिळ्याच्या मागे लागतं आणि आपोआप सरळ होतं. हाच कास्टर. इंजिन मागची चाकं ढकलत असेल, तर चालताना पुढची चाकं जराशी बाहेर फाकतात, म्हणून त्यांचे पुढचे कोपरे आधीच किंचित आत घेतले. तो टो-इन. म्हणजे अलाइनमेंटच्या मशीनवरचे हे आकडे आपल्या पणजोबांच्या वयाचे आहेत.

खरी गंमत 1920 च्या दशकातली. तोवर टायर अरुंद आणि भरपूर हवेचे, दगडासारखे कडक. मग कमी हवेचे जाडजूड ‘बलून’ टायर आले. बसायला मस्त! पण एका ठरावीक वेगाला पुढची चाकं अचानक डावी-उजवी थडथडायला लागली, आणि स्टेअरिंग हातात नाचायला लागलं. याला ‘शिमी’ म्हणायचे. त्याच सुमारास पुढच्या चाकांनाही ब्रेक येत होते, त्यामुळे आसाचं वजन वाढलेलं. एक चाक उडालं की अखंड आस तिरका व्हायचा. आणि फिरता भोवरा तिरका केला तर तो आडवा वळतो ना, तसं चाक वळायचं.

1925 मध्ये ब्रुलीए या फ्रेंच इंजिनिअरने शिमीवर लिहिताना एक भन्नाट गोष्ट मांडली. बाजूने जोर आला की रबर वाकतं, आणि चाकाचं तोंड एका दिशेला असताना ते जातं थोड्या वेगळ्याच दिशेला. या फरकाला आज ‘स्लिप अँगल’ म्हणतात. मला विचाराल तर हा शोध रेडियल टायरपेक्षाही मोठा. तोवर सगळे लोखंडाचे कोन मोजत होते, आणि रस्त्याला चिकटलेलं असतं रबर.

रोल्स-रॉइसमधून कॅडिलॅकला गेलेला मॉरिस ऑली या मार्गाने पुढे गेला. 1934 च्या मॉडेलांत जनरल मोटर्सने पुढची दोन चाकं एकमेकांपासून सुटी केली. अखंड आसच गेला, आणि त्याबरोबर शिमीचं मुख्य कारणही.

आता रेडियल. मिशलॅंने 1946 साली पेटंट घेतलं. आतले धागे काटकोनात आणि वर स्टीलचा पट्टा. बाजूच्या भिंती मऊ, पण रस्त्यावरचा भाग घट्ट सपाट. जुन्या टायरसाठी बनवलेल्या सस्पेन्शनवर तो कमी वेगाला खडबडीत वाटायचा, आणि गाड्या त्याच्यासाठी नव्याने जुळवाव्या लागल्या. अमेरिकेने तर फार वेळ घेतला. कंपनीतूनच रेडियल लावून आलेली तिथली पहिली गाडी 1970 ची लिंकन कॉन्टिनेंटल मार्क 3.

आणि आमचा आजार या पट्ट्यातच होता. बनवताना तो मध्यापासून किंचित सरकला, तर टायरची एक बाजू दुसरीपेक्षा कडक होते. गोल दिसणारा टायर मग शंकूसारखा वागतो. कागदी कप आडवा लोटा, कसा गोल फिरतो बघा. अलाइनमेंटचं मशीन चाकाचे कोन मोजतं. हा दोष त्याला दिसणारच कसा?

परीक्षा फुकटची आहे : पुढची दोन चाकं डावी-उजवी बदलायची. (टायरवर दिशेचा बाण असेल तर आधी दुकानात विचारा.) आम्ही बदलली, आणि गाडी उजवीकडे ओढायला लागली! मी रस्त्याच्या कडेला थांबून अक्षरशः ओरडलो. दुकानदाराने चक्कर मारून पाहिली, काही न बोलता टायर बदलून दिला.

बाबा परवा साताऱ्याला गाडी घेऊन गेले. म्हणाले, अजून किंचित डावीकडे जाते. तेवढा उतार मात्र खरंच रस्त्याचा आहे.