दया डोंगरे : मराठी दूरचित्रवाणीवरील विनोदी अभिनयाचा एक अध्याय

मराठी रंगभूमीच्या इतिहासकाराला छापील संहिता, प्रयोगांच्या जाहिराती, नाट्यसमीक्षा आणि नटांची आत्मचरित्रे अशी विविध साधने उपलब्ध असतात. दूरचित्रवाणीवरील विनोदी अभिनयाचा इतिहास लिहावयास घेतल्यास मात्र यांपैकी बहुतेक साधने हाती लागत नाहीत. दहा-पंधरा मिनिटांच्या प्रहसनाची संहिता क्वचितच छापली जाई. चित्रफीत महाग असल्यामुळे एकदा वापरलेली फीत पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम मुद्रित करण्याची पद्धत प्रारंभीच्या काळात सर्रास होती. अशा स्थितीत प्रेक्षकांची आठवण हेच मुख्य साधन उरते. आणि ही आठवण तरी कोठल्या प्रेक्षकांची, हा प्रश्न मागोमाग येतो. दया डोंगरे यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

दया डोंगरे यांचा जन्म ११ मार्च १९४० रोजी अमरावती येथे झाला. त्यांच्या मातोश्री यमुताई मोडक या नाट्यअभिनेत्री होत्या, तर आत्या शांता मोडक गायिका व अभिनेत्री म्हणून परिचित होत्या. घरात कीर्तनाचीही परंपरा होती. कीर्तनात विनोदाला मोठे स्थान असते. आख्यान रंगात आले असता मध्येच लौकिकातील एखादा दाखला देऊन श्रोत्यांना हसवावयाचे आणि लगेच मूळ पदावर यावयाचे, हे कीर्तनकाराचे कसब होय. अशा घरातील मुलीचा ओढा प्रथम गायनाकडे असावा, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. पुढे पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात असताना त्या नाटकाकडे वळल्या आणि त्यानंतर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. या विद्यालयावर त्या काळी इब्राहिम अल्काझी यांच्या शिस्तीची छाप होती. कौटुंबिक वारसा आणि पद्धतशीर शिक्षण या दोहोंचा असा योग त्यांच्या पिढीतील मराठी अभिनेत्रींत विरळाच आढळतो. ‘नांदा सौख्य भरे’, ‘लेकुरे उदंड जाहली’, ‘याचसाठी केला होता अट्टहास’ इत्यादी नाटकांतील भूमिकांनी त्यांचे नाव व्यावसायिक रंगभूमीवर स्थिर झाले.

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. या केंद्राच्या प्रारंभीच्या मनोरंजनपर कार्यक्रमांत ‘गजरा’ हा विशेष लोकप्रिय ठरला. विनायक चासकर हे त्याचे निर्माते होत. छोटी प्रहसने व नाट्यप्रसंग एकत्र गुंफण्याची त्याची रीत असल्याने त्याचे नाव अन्वर्थक होते. दया डोंगरे घरोघरी पोहोचल्या त्या या कार्यक्रमामुळे.

नाट्यगृहातील विनोद आणि स्टुडिओतील विनोद यांत महत्त्वाचा भेद आहे. नाट्यगृहात हशा ऐकू येतो. नट त्यासाठी थांबतो, तो ओसरू लागताच पुढचे वाक्य टाकतो. समोर प्रेक्षक नसलेल्या स्टुडिओत हा आधार नाहीसा होतो. कोठे थांबावयाचे, किती थांबावयाचे, हे नटाला मनातल्या मनात ठरवावे लागते. शिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचविण्यासाठी चढविलेला आवाज ध्वनिक्षेपकासमोर कर्कश वाटतो. आणि जेथे हातवारा हवा असे तेथे भुवईची हालचाल पुरते. पूर्वी रंगभूमीवर मुरलेल्या नटांपुढे हा नवा प्रश्न होता. स्पष्ट उच्चार, शब्दावर नेमका आघात आणि चेहऱ्यावरील संयम हे दया डोंगरे यांच्या अभिनयाचे विशेष या माध्यमाला मानवणारे होते. गायनाच्या संस्कारामुळे लयीची जाण पक्की झाली असल्यास नवल नाही.

परंतु ‘घरोघरी’ या शब्दाची मर्यादा येथे लक्षात घेतली पाहिजे. मुंबई केंद्राचे प्रक्षेपण प्रथम मुंबई व तिच्या परिसरापुरते होते. १९७३ मध्ये सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे ते पुण्याकडे पोहोचले. अमरावती-अकोल्याचा प्रदेश त्याच्या कक्षेबाहेरच राहिला. मुंबईपासून लोहमार्गाने सुमारे ५८० किलोमीटर अंतरावरील अकोल्यात, जठारपेठेसारख्या वस्तीत राहणाऱ्या नाट्यप्रेमी कुटुंबाला मुंबई-पुण्याची वृत्तपत्रे वाचावयास मिळत; तथापि त्यांत ज्याची वाखाणणी येई तो ‘गजरा’ पाहण्याची सोय नव्हती. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांनंतर लघुशक्ती प्रक्षेपकांची योजना देशभर वेगाने राबविली गेली आणि मग जिल्ह्याच्या गावी दूरचित्रवाणी आली. तीही प्राधान्याने दिल्लीचे कार्यक्रम घेऊन आली. तात्पर्य, अमरावतीत जन्मलेल्या या अभिनेत्रीची ओळख वऱ्हाडाला दौऱ्यावर येणाऱ्या नाटकांनी किंवा चित्रपटांनीच होऊ शकत होती. तिच्या दूरदर्शनवरील ऐन उमेदीचा काळ तिच्या जन्मभूमीने पाहिलाच नाही.

चित्रपटांनी करून दिलेली ओळख मात्र एकांगी होती. ‘उंबरठा’ (१९८२) सारख्या गंभीर चित्रपटातही त्या दिसल्या. तरी लोकांच्या मनात ठसल्या त्या ‘नवरी मिळे नवऱ्याला’ (१९८४) आणि विशेषतः ‘खट्याळ सासू नाठाळ सून’ (१९८७) या चित्रपटांतून. या दुसऱ्या चित्रपटाचे नाव भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहण्यासारखे आहे. मराठीत सासूचे रूढ विशेषण ‘खाष्ट’ हे आहे. ‘खट्याळ’ हे विशेषण खोडकर मुलाला अथवा गोकुळातील कृष्णाला लावावयाचे. ‘नाठाळ’ हा शब्द हट्टी जनावराविषयी योजला जातो. सासूला ‘खाष्ट’ न म्हणता ‘खट्याळ’ म्हटल्याबरोबर तिच्या दराऱ्यातील विष उतरते आणि ती हास्याचा विषय होते. तरीसुद्धा लोकांनी दया डोंगरे यांना ‘खाष्ट सासू’ हीच पदवी दिली. रूढ शब्दाने शीर्षकावर मात केली.

ही पदवी वऱ्हाडात इतक्या सहजपणे का स्वीकारली गेली असावी, याचेही कारण शोधता येते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत येथे मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. माहेरी जाऊ न देणारी, कामे सांगून अडवणारी सासू हे त्या गाण्यांतील ठरलेले पात्र आहे. तिची थट्टा करणे हा गाण्यांचा एक हेतूच असतो. अर्थात पडद्यावरील सासू येथील स्त्रियांना अगोदरच पाठ होती. नटीने तिला चेहरा दिला.

हा चेहरा इतका ठसला की बाकीचे गुण त्याआड गेले. याला उत्तर म्हणून ‘स्वामी’ या दूरदर्शन मालिकेतील त्यांची गोपिकाबाईंची भूमिका पाहावी. रणजित देसाई यांच्या कादंबरीवरील या मालिकेचे दिग्दर्शन गजानन जागीरदार यांनी केले होते. माधवराव पेशव्यांची ही करारी माता पुत्राशी बेबनाव होताच गंगापुरास जाऊन राहिली. येथेही अधिकार गाजविणारी वडीलधारी स्त्रीच आहे. परंतु तिच्या हट्टामागे दुःख आहे. जो दरारा प्रहसनात हसू उत्पन्न करतो तोच येथे करुणेला कारण होतो. विनोदी आणि गंभीर भूमिकांसाठी नटाजवळ दोन निराळ्या कला नसतात, हे यावरून दिसून येते. त्याच त्या साच्याच्या भूमिका पुढे येत राहिल्यावर दया डोंगरे चित्रपटांपासून दूर झाल्या. ३ नोव्हेंबर २०२५ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांचे मुंबईत निधन झाले.

मधल्या काळात दूरचित्रवाणीवरील विनोदाची भाषा पालटली. ‘गजरा’च्या काळी प्रमाण मराठीचा वरचष्मा होता. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ या कार्यक्रमात अमरावतीच्या भारत गणेशपुरे यांनी वऱ्हाडी बोली सर्व महाराष्ट्राला ऐकविली. ‘डोळा’चा ‘डोया’ करणारी, ‘करून राहिला’ म्हणणारी ही बोली आता हास्याचे साधन झाली. तिला लाभलेले हे स्थान बोलीचा सन्मान की केवळ गंमत, हा प्रश्न अद्याप मिटलेला नाही. खाष्ट सासूप्रमाणेच बोलीचाही साचा बनू शकतो.

दया डोंगरे यांच्या कारकिर्दीचे मोजमाप केवळ चित्रपटांवरून करणे म्हणूनच अपुरे ठरेल. ज्यांनी ‘गजरा’ पाहिला त्या मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांच्या आठवणी आज उतारवयातील माणसांपाशी आहेत. त्या टिपून घेण्याचे काम ग्रंथालयात बसून होणारे नाही, आणि त्यासाठी फार काळ थांबताही येणार नाही.