शिसें, पेट्रोल आणि दुधाचे दांत



शिसें हा धातु आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. मारुतीला फांसावयाचा शेंदूर परंपरेनें शिशापासूनच होत आला. छापखान्यांत खिळे जुळविण्याची पद्धत होती तोंवर ते खिळे शिशाच्याच मिश्रधातूचे ओतीत. आणि मोटारीच्या बॅटरींत आजहि शिशाचे पत्रे असतात. उलट, ज्या शिसपेन्सिलीला आपण शिशाचें नांव बहाल केलें, तिच्यांत शिसें औषधालाहि सांपडावयाचें नाहीं. तिच्यांत असतें तें कोळशाच्या गोत्रांतील ग्राफाइट. नांव एक आणि वस्तु दुसरी, असा प्रकार या धातूच्या कथेंत पुढें एकदां फार महागांत पडला. आज सांगावयाची हकीकत तीच आहे.

शिशाच्या अंगीं विष आहे, हें माणसाला फार पूर्वींपासून ठाऊक होतें. शिशाच्या नळांपेक्षां मातीच्या नळांतून आणलेलें पाणी अधिक आरोग्यकारक, असें रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियस यानें लिहून ठेवलें, आणि पुरावा म्हणून शिशाचें काम करणाऱ्या कारागिरांच्या निस्तेज चेहऱ्यांकडे बोट दाखविलें. अमेरिकेचा बेंजामिन फ्रॅंक्लिन हा मूळचा मुद्रक. शेकून गरम केलेले खिळे हाताळणाऱ्या कामगारांचे हात कसे निकामी होतात, हें त्याला तरुणपणींच समजलें होतें. १७८६ सालीं एका मित्राला लिहिलेल्या पत्रांत त्यानें तें सर्व नमूद केलें, आणि एखादें उपयुक्त सत्य कळल्यावरहि तें सर्वमान्य होऊन आचरणांत येण्यास किती काळ लोटतो, याबद्दल खेद प्रकट केला. त्या पत्रानंतर १३५ वर्षांनीं, सर्व कांहीं ठाऊक असतांना, हाच धातु हवेंत उधळण्याची युक्ति निघाली.

मोटारीच्या इंजिनांत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचें मिश्रण दट्ट्यानें दाबलें जातें व मग ठिणगीनें पेटतें. ज्योत पसरत जाऊन तें क्रमाक्रमानें जळावें अशी अपेक्षा असते. परंतु दाब फार वाढविला कीं ज्योत पोंचण्यापूर्वींच कांहीं मिश्रण आपोआप भडकतें, आंत हातोडा मारल्यासारखा आवाज होतो, शक्ति वायां जाते आणि यंत्र झिजतें. दाब वाढविल्याविना इंजिनाची शक्ति वाढेना आणि दाब वाढविला कीं ठोके सुरू, अशी ती अडचण होती. जनरल मोटर्स कंपनीच्या डेटन येथील प्रयोगशाळेंत टॉमस मिज्ली हा तरुण इंजिनियर या ठोक्यांवर उपाय शोधीत होता. त्यानें आयोडीन, अॅनिलिन असे अनेक पदार्थ वापरून पाहिले. टेल्यूरियम चांगला निघाला, पण त्याचा लसणीसारखा दर्प अंगाला असा चिकटे कीं तो धुऊन जाईना. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजीं टेट्राएथिल लेड हें द्रव्य हातीं आलें. शिशाचा एक अणु आणि त्याला जोडलेले चार एथिल गट, अशी त्याची रचना. गॅलनभर पेट्रोलला लहान चमचाभराहूनहि कमी टाकलें कीं ठोके बंद!

मद्यार्कानेंहि ठोके थांबतात, हें मिज्लीला व त्याचा वरिष्ठ केटरिंग याला माहीत होतें. पण मद्यार्क कोणीहि शेतकरी गाळूं शकतो. त्यावर एका कंपनीची मालकी बसणार कशी? शिशाच्या द्रव्यावर ती बसली. फेब्रुवारी १९२३ मध्यें डेटन शहरींच हें पेट्रोल प्रथम विक्रीस आलें, आणि त्याला नांव देण्यांत आलें ‘एथिल’. शिशाचा त्यांत उच्चारहि नव्हता. मिज्लीच्या बुद्धीविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. पण हें नांव ज्यानें कोणी सुचविलें, त्याला शिशाची कीर्ति पुरती ठाऊक असली पाहिजे, असें माझें मत आहे.

ऑक्टोबर १९२४ मध्यें न्यू जर्सी प्रांतांतील बेवे येथील स्टॅंडर्ड ऑइलच्या कारखान्यांत हें द्रव्य तयार करणारे कामगार एकाएकीं भ्रमिष्टासारखे वागूं लागले. कोणाला नसलेले किडे दिसत, कोणी इतका अनावर होई कीं त्याला बांधून ठेवावें लागे. पांच जण दगावले, तिसांहून अधिक रुग्णालयांत गेले. वर्तमानपत्रांनीं या पेट्रोलला ‘वेडाचा वायु’ म्हटलें. तेव्हां मिज्लीनें वार्ताहरांना बोलावून त्यांच्यासमक्ष त्या द्रव्यानें हात धुतले आणि मिनिटभर त्याची वाफ हुंगून दाखविली. हाच मिज्ली १९२३ च्या आरंभीं शिशाच्या बाधेमुळें विश्रांतीसाठीं फ्लॉरिडाला गेला होता, हें त्या वार्ताहरांना ठाऊक असतें तर बरें झालें असतें.

मे १९२५ मध्यें वॉशिंग्टन येथें सरकारी आरोग्यखात्यानें परिषद भरविली. कारखान्यांतील रोगांच्या जाणकार डॉ. अॅलिस हॅमिल्टन आणि येल विद्यापीठाचे यॅंडेल हेंडर्सन यांनीं विरोध केला. धोका कामगारांपुरता नाहीं, तो रस्त्यांवरून हळूहळू सर्व प्रजेच्या अंगांत भिनेल आणि भिनतांना कोणाच्या लक्षांतहि येणार नाहीं, असें हेंडर्सन यांचें म्हणणें होतें. विक्री थांबली व एक समिती नेमली गेली. तिनें अवघ्या सात महिन्यांत २५२ लोकांची तपासणी करून जानेवारी १९२६ मध्यें निर्णय दिला कीं, बंदी घालण्यास पुरेसें कारण दिसत नाहीं. तपासलेले लोक ड्रायव्हर व गॅरेजमधील कामगार, सर्व प्रौढ. त्यांत मूल एकहि नव्हतें. अधिक वर्षें संशोधन चालू ठेवावें, असें त्याच अहवालांत बजावलें होतें. पण तें संशोधन पुढें झालें तें बहुतांशीं उद्योगाच्या पैशांवर, आणि सिनसिनाटीचे डॉ. रॉबर्ट केहो हे त्यांतील अधिकारी पुरुष ठरले.

केहो यांनीं मोजमापें भरपूर घेतलीं, हें कबूल केलें पाहिजे. प्रत्येक मनुष्याच्या शरीरांत थोडें शिसें असतेंच, तें मलमूत्रावाटे बाहेर पडतें, एका मर्यादेखालीं त्यापासून अपाय नाहीं, असा त्यांचा सिद्धांत होता. मोटारींपासून दूर असलेल्या मेक्सिकोंतील एका खेड्यांतल्या लोकांच्या अंगींहि त्यांना शिसें आढळलें. परंतु त्या खेड्यांत ज्या मातीच्या भांड्यांतून जेवीत, त्यांना शिशाची झिलई होती. तुलनेसाठीं घ्यावयाचें माप स्वच्छ नसेल तर बेरीज बिनचूक असून काय उपयोग?

हें माप स्वच्छ करणारा मनुष्य अगदीं भलत्याच वाटेनें आला. क्लेअर पॅटर्सन हा शिकागो विद्यापीठाचा विद्यार्थी पृथ्वीचें वय काढण्याच्या कामीं लागला होता. युरेनियमचें ठराविक वेगानें शिसें बनत असतें. तेव्हां खडकांतील शिशाचे निरनिराळे समस्थानिक अचूक मोजले कीं काळाचें गणित सुटतें. पण पॅटर्सनच्या नमुन्यांत हिशेबापेक्षां कितीतरी अधिक शिसें निघे. तें येई कोठून? शोध घेतां कळलें कीं तें सर्वत्र आहे. धुळींत आहे, नळाच्या पाण्यांत आहे, कांचेच्या भांड्यांत, बाजारच्या आम्लांत, खुद्द प्रयोग करणाराच्या केसांत व त्वचेवर आहे. मग त्यानें आम्लें पुनःपुन्हां ऊर्ध्वपातनानें शुद्ध केलीं, फरशा घांसल्या, आणि पुढें कॅलिफोर्नियांत पॅसाडेना येथें गाळलेल्या हवेची खास प्रयोगशाळा उभारली. आमच्या जुन्या सोंवळ्याची कोणाला आठवण व्हावी, इतकी ही शुचिता कडक होती. अॅरिझोनांतील एका अशनीच्या तुकड्यांतील शिसें मोजून १९५३ मध्यें त्याला उत्तर मिळालें, तें १९५६ मध्यें प्रसिद्ध झालें: पृथ्वीचें वय सुमारें ४५५ कोटी वर्षें. हा आंकडा आजहि जवळजवळ तसाच मान्य आहे.

दुसरा कोणी एवढ्यावर कृतार्थ झाला असता. पॅटर्सनच्या मनांतून मात्र तें सर्वव्यापी शिसें जाईना. त्यानें समुद्राचें पाणी तपासलें. खोल पाण्यापेक्षां पृष्ठभागाच्या पाण्यांत शिसें पुष्कळ अधिक, म्हणजे तें वरून, हवेंतून आणि अलीकडेच आलेलें. ग्रीनलंडच्या बर्फाचे थर म्हणजे वर्षानुवर्षांची नोंदवहीच. १९६९ सालीं सहकाऱ्यांसह त्यानें दाखविलें कीं, प्राचीन थरांच्या मानानें १९६५ च्या हिमांत शिसें सुमारें २०० पट वाढलें आहे, आणि १९४० नंतरची चढण सर्वांत उभी आहे. १९६५ च्या निबंधांत त्यानें ‘सामान्य’ आणि ‘नैसर्गिक’ या दोन शब्दांतील भेद मांडला होता. सर्वांच्या अंगांत शिसें आढळतें म्हणून तें सामान्य खरें. पण सर्वच बाधित असतील तर सामान्य मनुष्य निरोगी कसा समजावा? केहो यांच्या सिद्धांताचा पायाच यानें हादरला. १९६६ सालीं अमेरिकन सेनेटच्या समितीपुढें दोघांचीहि साक्ष झाली. याची किंमत पॅटर्सनला मोजावी लागली: सरकारी आरोग्यखात्याचा करार संपुष्टांत आला, आणि १९७१ सालीं हवेंतील शिशावर अहवाल देणारें तज्ज्ञमंडळ नेमलें गेलें, त्यांत या विषयांतील सर्वांत अचूक मोजणी करणाऱ्या या मनुष्याला स्थान नव्हतें.

आतां मेंदूकडे वळूं. शिशाचा डाव असा कीं तें कॅल्शियमचें सोंग घेतें. मज्जापेशी एकमेकींना जो निरोप धाडतात, त्यांत कॅल्शियमचें काम मोठें असतें. शिसें त्या दारांतून आंत शिरतें, पण निरोप बिघडवितें. विशेषतः ज्या क्रियेनें स्मरण आणि शिक्षण घडतें, तिलाच अडथळा करतें. पोटांत गेलेल्या शिशापैकीं लहान मूल मोठ्या माणसाच्या चार ते पांच पट शोषून घेतें, आणि त्याचा मेंदू त्याच वेळीं घडत असतो. १९४३ सालीं बोस्टनमध्यें बायर्स आणि लॉर्ड यांनीं शिशाच्या बाधेंतून ‘बरीं’ होऊन घरीं गेलेल्या २० मुलांचा पुढें शोध घेतला, तेव्हां १९ मुलें शाळेंत मागें पडलेलीं आढळलीं. हें स्पष्ट आजार झालेल्या मुलांचें झालें. ज्यांना कांहींच झालें नाहीं असें आपण समजतों, त्यांचें काय?

या प्रश्नाला हर्बर्ट नीडलमन या बालरोगतज्ज्ञानें हात घातला. अडचण अशी कीं रक्तांतील शिसें गेल्या कांहीं आठवड्यांचीच साक्ष देतें. आणि जिवंत मुलाचें हाड तर काढून पाहतां येत नाहीं. पण निसर्ग प्रत्येक मुलाचें थोडें हाड आपण होऊन हातावर ठेवतो, तें म्हणजे दुधाचा दांत. आपल्याकडे पडलेला दांत घरावर फेंकून देण्याची चाल आहे. नीडलमननें मॅसॅच्युसेट्समधील चेल्सी आणि सॉमरव्हिल या गांवांच्या शाळांतून पहिली-दुसरीच्या मुलांचे असे दांत हजारोंनीं जमविले. ज्यांच्या दांतांत शिसें सर्वांत अधिक अशीं ५८ आणि सर्वांत कमी अशीं १०० मुलें घेऊन त्यांच्या बुद्धीच्या कसोट्या घेतल्या. आईबापांची बुद्धि, आईचें शिक्षण, घरची स्थिति, या सर्वांचा हिशेब वजा जातांहि दोन गटांत सुमारें चार गुणांचें अंतर उरलें.

मला स्वतःला यांतील दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो, कारण तो शिक्षकांचा आहे. २,१४६ मुलांविषयीं त्यांच्या वर्गशिक्षकांकडून मत मागविलें होतें: मूल चटकन् विचलित होतें काय? हातीं घेतलेलें काम टिकून करतें काय? दिवास्वप्नांत रमतें काय? साध्या सूचना पाळूं शकतें काय? कोणाच्या दांतांत किती शिसें, हें त्या शिक्षकांना मुळींच माहीत नव्हतें. तरी जसजसें दांतांतील शिसें वाढत जाई, तसतसा प्रतिकूल उत्तरांचा आंकडा पायरीपायरीनें चढत गेला. जुन्या शाळांतून अशा मुलासाठीं एकाक्षरी शब्द होता, ‘ढ’. फारच कनवाळू शिक्षक असला तर तो ‘लक्ष नाहीं’ एवढेंच म्हणे. लक्ष कां नाहीं, याचें उत्तर रस्त्यावरच्या हवेंत आणि भिंतीच्या रंगांत असेल, हें कोणाच्या स्वप्नींहि येण्यासारखें नव्हतें.

कोणी म्हणेल, चार गुण म्हणजे किती? एका मुलापुरतें पाहिलें तर फार नव्हे. पण सगळ्या वर्गाचीच सरासरी चार गुणांनीं घसरली तर वरच्या टोकाचीं अत्यंत हुशार मुलें पुष्कळ कमी होतात आणि खालच्या टोकाला स्वतंत्र मदतीवांचून ज्यांचें चालत नाहीं, त्यांची गर्दी वाढते. १९९० मध्यें नीडलमननें त्यांतील कांहीं मुलांना पुन्हां गांठलें. अधिक शिशाच्या मुलांत शाळा अर्धवट सुटण्याचा संभव सुमारें सातपट निघाला. १९९१ मध्यें त्याच्यावर अप्रामाणिकपणाचा आरोप झाला. त्यानें चौकशी उघड्यावर व्हावी असा आग्रह धरला, १९९२ मध्यें ती तशी झाली, आणि आरोप टिकला नाहीं.

मध्यंतरीं अमेरिकेंत शिसें कमी होऊं लागलें होतें. पण त्याचें कारण निव्वळ बालदया नव्हे. १९७५ पासून नव्या मोटारींच्या धुराड्यांत धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक बसूं लागले. त्यांतील प्लॅटिनम शिशानें निकामी होतें. म्हणून या गाड्यांना बिनशिशाचें पेट्रोल सक्तीचें झालें. प्लॅटिनमची कड घेणारा इंजिनियर भेटला, तेव्हां मुलांचें भाग्य उजळलें, असें म्हणावें लागतें. १९७६ ते १९८० या अवघ्या चार वर्षांत अमेरिकन लोकांच्या रक्तांतील शिसें सरासरीनें सुमारें ३७ टक्क्यांनीं उतरलें, आणि त्याची उतरण पेट्रोलमधील शिशाच्या उतरणीला हुबेहूब जुळली. तेथें रस्त्यावरील गाड्यांसाठीं पूर्ण बंदी १९९६ च्या आरंभीं आली.

आपल्याकडे मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरीं १ एप्रिल १९९५ पासून उत्प्रेरक बसविलेल्या नव्या मोटारींसाठीं बिनशिशाचें पेट्रोल आलें, आणि १ फेब्रुवारी २००० पासून तें सर्व देशांत झालें. जगांत शेवटीं राहिलेल्या अल्जीरियानें जुलै २०२१ मध्यें साठा संपविला. मिज्लीच्या त्या डिसेंबरला तेव्हां शंभर वर्षें पुरीं होत आलीं होतीं. मिज्ली स्वतः १९४४ सालींच वारला. पोलिओनें अंथरुणाला खिळल्यावर उठण्यासाठीं त्यानें दोर व कप्प्यांची जी योजना केली होती, तिच्यांतच अडकून त्याचा अंत झाला.

पेट्रोलमधून गेलेलें शिसें घरांतून मात्र गेलेलें नाहीं. युनिसेफनें २०२० मध्यें प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें जगांतील सुमारें ८० कोटी मुलांच्या रक्तांत तें दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक आहे, आणि त्यांत भारतांतील मुलांचा वांटा सर्वांत मोठा. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळविणें हें त्याचें एक मोठें कारण. घरगुती रंगांत दशलक्ष भागांत ९० हून अधिक भाग शिसें असूं नये, असा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. तथापि त्यापूर्वींचे रंग अद्याप भिंतींवर आणि खिडक्यांवर आहेत. पितळेच्या भांड्यांना कल्हई करवितांना शुद्ध कथिलाऐवजीं स्वस्तांतलें शिसेंमिश्रित कथील वापरलें गेलें तर आंबट पदार्थाबरोबर तें पोटांत जातें. हळद अधिक पिवळी दिसावी म्हणून तिला शिशाचें क्रोमेट चोळल्याचे प्रकारहि आपल्या उपखंडांत उघडकीस आले आहेत.

रक्तांत किती शिसें असेपर्यंत मूल सुखरूप समजावें, याचा अमेरिकेंतील आंकडा १९६० च्या दशकांत ६० मायक्रोग्रॅम होता. पुढें तो ४०, ३०, २५, १०, ५ असा उतरत आला, आणि २०२१ पासून ३.५ आहे. त्याला आतां सुरक्षित मर्यादा म्हणत नाहींत. ज्या मुलांकडे आधीं लक्ष पुरवावें, तीं निवडण्यापुरता तो आहे. शरीरांत शिरलेलें शिसें रक्तांतून महिन्याभरांत बरेंचसें उतरतें, परंतु हाडांत तें दशकेंच्या दशकें बसून राहतें. आणि गरोदरपणीं गर्भासाठीं आईच्या हाडांतून कॅल्शियम सुटूं लागलें, म्हणजे त्याच्याबरोबर तिच्या बालपणीं सांठलेलें शिसेंहि सुटतें.