काकांचं लॉक

परवा घाटनांदूरला गेलो होतो. (परळी-लातूर रोड लाइनवरचं आमचं गाव, नवीन वाचकांसाठी.) काकांनी कपाटातून डबा काढला. आत रबर गुंडाळलेलं डोंगल! डीटीपीवाले त्याला 'लॉक' म्हणायचे. "लॉक हरवलं की धंदा बसला", हे काकांचं वाक्य आम्हा भावंडांना पाठ आहे.

तर मंडळी, थोडा इतिहास. नव्वदच्या दशकात संगणकावर मराठी विकत घ्यावी लागे. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम... कॉपी होऊ नये म्हणून सोबत लॉक. आधी ते प्रिंटरच्या पोर्टला लागायचं. १९९६ साली यूएसबी आलं, मग लॉकही पेनड्राइव्हएवढं झालं. सॉफ्टवेअर लॉकला प्रश्न विचारतं, आतली चिप उत्तर देते. उत्तर नाही तर काम बंद. मधला निरोप्या म्हणजे ड्रायव्हर. तो विंडोजच्या गाभ्यात चालतो आणि घोडं तिथेच अडतं. ६४ बिट विंडोजवर ३२ बिटचा ड्रायव्हर चालतच नाही, आणि २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टाच्या ६४ बिट आवृत्तीपासून डिजिटल सही नसलेल्या ड्रायव्हरला दारातच अडवतात.

आता हे सगळं कशासाठी? आण्णांच्या आठवणी काकांनी २००३ मध्ये पेजमेकरमध्ये टाइप केल्या होत्या. प्रुफावर आण्णांनी लाल शाईने दुरुस्त्या केल्या, त्या घालायच्या राहिल्या आणि आण्णा गेले. फाइल आहे, प्रूफ आहे, लॉक आहे. पण माझ्या लॅपटॉपवर 'कोड ५२', म्हणजे सही पटत नाही.

एका मित्राने 'व्हर्च्युअल लॉक' सुचवलं. म्हणजे यूएसबीत काही न लावता लावल्याचं सोंग करणारा ड्रायव्हर. त्यासाठी सहीची तपासणी आणि अँटीव्हायरस दोन्ही बंद करा म्हणे! त्याच लॅपटॉपवर माझी बँक. काका म्हणाले, "अरे, पैसे मोजून घेतलंय आपण. खरी किल्ली असताना बनावट कशाला?"

मग उलटं केलं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये काकांच्या सीडीवरून जुनं एक्सपी टाकलं आणि खरं लॉक थेट त्याच्या हवाली केलं. पहिल्यांदा काहीच नाही. लॉक आधी लावलं होतं, ड्रायव्हर नंतर. लॉक काढून, ड्रायव्हर पुन्हा टाकून, मग लावलं... आणि दिवा लागला!

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, विंडोज २००० मध्ये तर मंगल फाँटच आला. म्हणून आता सगळं तिकडे नेतोय. रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर बसतात, हाताने उचलावी लागतात. काका लाल शाई वाचतात, मी टाइप करतो. काल चौदाव्या पानावर आण्णांनी एका नातेवाइकाबद्दलचा अख्खा परिच्छेद खोडलेला सापडला. तो गाळलाय. कोण ते विचारू नका :)