विरल मृत्तिका फ्ल्युओराइडे : औद्योगिक इतिहास

लँथॅनम, सिरियम, निओडिमियम इ. विरल मृत्तिका मूलद्रव्यांची फ्ल्युओरिनाबरोबर होणारी संयुगे. सिरियम फ्ल्युओराइड हे यांपैकी प्रातिनिधिक होय. त्यात सिरियमाच्या एका अणूशी फ्ल्युओरिनाचे तीन अणू जोडलेले असतात. ते पांढरे व स्फटिकी असून त्याची घनता ६.१६ ग्रॅ./घ. सेंमी. आहे. ते १,४००° से.च्या वर वितळते. पाण्यात ते जवळजवळ अविद्राव्य असल्याने सिरियमाच्या लवणाच्या विद्रावात हायड्रोफ्ल्युओरिक अम्ल मिसळल्यास त्याचा साका मिळतो.

कच्चा माल : भारतात ही मूलद्रव्ये मुख्यतः मोनॅझाइट या फॉस्फेटी खनिजापासून मिळवितात. ते ग्रॅनाइट, पट्टिताश्म यांसारख्या खडकांत असते. खडक झिजल्यावर त्याचे जड कण नद्यांवाटे समुद्राकडे जातात व लाटांमुळे पुळणीत साचतात. जुन्नर तालुक्यातील घाटघर व नाणेघाट येथील सह्याद्री बेसाल्टाचा असल्याने तेथे हे खनिज उपयुक्त प्रमाणात आढळत नाही. केरळ व तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर मात्र त्याचे मोठे साठे आहेत.

इतिहास : त्रावणकोरच्या वाळूतील मोनॅझाइटाचा शोध १९०९ मध्ये शोंबर्ग या जर्मन रसायनज्ञांनी लावला. गॅसबत्तीच्या जाळीसाठी त्यातील थोरियमाला मागणी होती. विरल मृत्तिका बहुतांशी शिल्लक राहत. या शिलकीला प्रज्योत दिव्याने एक महत्त्वाचा उपयोग मिळवून दिला. जर्मनीत हाइन्रिख बेक यांनी विकसित केलेल्या तीव्र प्रज्योतीत धन कार्बन कांडीच्या गाभ्यात सिरियमाची संयुगे, विशेषतः फ्ल्युओराइड, भरीत. त्यांच्या तप्त बाष्पातून दिवसाच्या उजेडासारखा शुभ्र प्रकाश मिळे. शोधदीप, चित्रपटनिर्मितिगृहे व चित्रपटगृहांतील प्रक्षेपक यांत अशा कांड्या वापरीत. १९५० नंतर झेनॉन दिवे आल्यावर त्या हळूहळू मागे पडल्या.

खनिज परदेशी पाठविण्याऐवजी त्यावर देशातच प्रक्रिया व्हावी म्हणून १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्‌स ही कंपनी स्थापन झाली. केरळातील आळवे येथील तिचा कारखाना १९५२ मध्ये सुरू झाला. तेथे वेगळ्या केलेल्या थोरियमाच्या शुद्धीकरणासाठी १९५५ मध्ये मुंबईतील ट्रॉम्बे येथे संयंत्र उभारण्यात आले. कंपनीचे मुख्य कार्यालयही मुंबईत आहे.

इतर उपयोग : क्लोराइडे हवेतील ओलावा शोषतात, फ्ल्युओराइडे तसे करीत नाहीत. त्यामुळे कॅल्शियमाने क्षपण करून शुद्ध धातू मिळविण्यास ती सोयीची ठरतात. प्रबल चुंबकांना लागणारे निओडिमियम वितळलेल्या फ्ल्युओराइडांत त्याचे ऑक्साइड विरघळवून विद्युत् विच्छेदनानेही मिळवितात.

लँथॅनम फ्ल्युओराइडाच्या स्फटिकातून फ्ल्युओराइड आयनच सहज सरकतात. या गुणावर आधारलेले विद्युत् अग्र फ्रँट व रॉस यांनी १९६६ मध्ये तयार केले. पाण्यातील फ्ल्युओराइड त्याने मोजता येते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड इ. जिल्ह्यांत काही ठिकाणी भूजलात फ्ल्युओराइड अधिक असून अशा पाण्याच्या दीर्घ सेवनाने दात व हाडे विकृत होतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याची इष्ट मर्यादा लिटरमागे १ मिग्रॅ. व पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिग्रॅ. आहे. पाण्याला चव वा रंग येत नसल्याने हा दोष मोजणीवाचून ओळखता येत नाही.